कपाळाला लावलेला हात

माझं तोंड तिखट आहे हे आमच्या वाडीत कुणाला सांगायला नको. आडावर मी गेले की बायका आपापल्या घागरी आधीच बाजूला घेतात. मालक गेल्यावर माणदेशातलं हे कोरडवाहू रान मी एकटीनं कसलं, दिराला बांधावर पाय ठेवू दिला नाही, आणि पोरगा मानसिंग फौजेत धाडला. राहीबाईनं शब्द दिला म्हणजे दिला, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. त्यामुळं हे लिहायला मला महिना लागला आहे आणि ओळी कुठंकुठं खाली घसरल्या आहेत. पण हे दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावं असलं नाही.

बाहत्तर सालचा दुष्काळ लांबत पुढच्या उन्हाळ्यात आला तेव्हाची गोष्ट. म्हसवडच्या रस्त्याला पाझर तलावाचं काम निघालं होतं. सगळी वाडी तिथं. आमच्या घरातून मी आणि माझी सून बना. बना कवठे महांकाळची, सातवी शिकलेली, अंगानं शेलाटी. लग्नाला तीन वर्षं झाली होती. कामाला वाईट नव्हती, पण बोलायची कमी, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून राग.

एकदा दुपारी कामावरची सरकारी सुकडी खायला बसलो असताना आमच्या शेजारची रंगूबाई म्हणाली की फौजदाराच्या बायकोला पाटी जड होत असेल. मानसिंग साधा शिपाई, पण तिची टोमणा मारायची रीतच ती. मला लागलं. मी तिथल्या तिथं सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी सून पाटीवर पाटी नेती. तुझीला एक तरी धड उचलू दे."

बनानं माझ्याकडं पाहिलं. चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि वाकली. मी माझ्या हातानं मुरमानं भरलेली एक पाटी तिच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर दुसरी. त्या दिवसापासून दर खेपेला दोन. रंगूबाई गप झाली, मी ताठ चालायला लागले. एकोणिसाव्या दिवशी बांधावर चढताना बनाचा पाय मुरमावरून सरकला, वरची पाटी मागं कलली आणि तिच्या मानेत काटकी मोडावी तसं वाजलं. ते मी चार हातांवरून ऐकलं. ती मटकन खाली बसली. मी तिला काय म्हणाले असेन? "उठ, लोकं बघत्यात."

पुढं तिची मान वळेना. उजव्या हाताला मुंग्या यायच्या, भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा. मी म्हणायचे, नाटकं. वैशाखात मानसिंग सुट्टीवर आला, त्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मला न विचारता तिला मिरजेला घेऊन गेला. तिथं दवाखान्यात मानेच्या हाडाचा फोटो काढला, मानेला कातडी पट्टा दिला, आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईनं तिला न हलता करायचे व्यायाम दाखवले. त्याला विंग्रजी नाव आहे, आयसोमेट्रिक. बनाच्या तोंडात ते सरळ येतं, मला ते लिहायलाही तिला विचारावं लागलं. घरी येताना एक कागद आणला होता. त्यावर माणसांची नुसती डोकी काढलेली, डोक्याला हात लावलेला आणि बाण दाखवलेले.

मानसिंगनं मला समजावून सांगितलं. "आई, हातानं डोकं ढकलायचं आन डोक्यानं हात. दोगांनी बी हलायचं न्हाई. धा मोजायचं आन सोडायचं. म्होरनं, मागनं, दोनी अंगानं. दिसातनं तीन डाव."

मी हसले. म्हणाले, काही न करता दमायचं औषध मला कुणी कधी दिलं नाही. तो म्हणाला, त्यांच्या पलटणीतसुद्धा पीटीचा उस्ताद पोरांना भिंत ढकलायला लावतो, भिंत हलत नाही पण पोरांना घाम फुटतो. मानेची शीर सांभाळायची तर तिच्याभोवतीचं मांस घट्ट व्हायला पाहिजे आणि मान हलवून ते व्हायचं नाही. "तू एकडाव करून तर बघ," म्हणाला. मी केलं नाही. मी जन्मभर जात्यावर आणि मोटेवर काढलेली बाई, भिंत कशाला ढकलू.

त्याची सुट्टी संपली. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून आले, तर बना उंबऱ्यावर बसलेली आणि कपाळाला हात. आमच्याकडं घरात माणूस गेलं की बाई अशी बसते. आणि हिचा नवरा आदल्या दिवशी सरहद्दीला गेलेला. मी तिच्यावर अशी ओरडले की पलीकडच्या आळीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"आत्याबाई, त्यो येयाम हाय," ती म्हणाली.

"माझा ल्योक फौजेत हाय. माज्या दारात कपाळाला हात लावायचा न्हाई. येयाम करायचा तर जात्यावर बस."

तिनं हात खाली घेतला. पट्ट्यालाही मी नावं ठेवली, बैलाला जू घातल्यासारखा दिसतो म्हणाले, तेव्हा चारचौघांत तिनं तोही घालायचा सोडला. मला वाटलं विषय मिटला. माझ्या घरात माझा शब्द चालतो याचा मला केवढा अभिमान होता.

आषाढात पाऊस बरा झाला, तलावाचं काम थांबलं, लोक पेरणीला लागले. एक दिवस रंगूबाई विस्तव मागायला मागच्या दारानं आली आणि तशीच पळत पुढच्या दाराला माझ्याकडं आली. तोंड पांढरं पडलेलं. "राहीबाई, तुज्या सुनंला कुणीतरी धरलंय. कडब्याच्या खोपीत घुमतीया."

मी तिच्या मागून गेले. खोपीच्या तट्ट्याला फट आहे. आत बना उभी होती. दोन्ही हातांची बोटं डोक्यामागं अडकवलेली, डोकं मागं रेटत होती आणि हात पुढं. तोंड लाल, मानेच्या शिरा दोरीसारख्या, सगळं डोकं बारीक थरथरत होतं. ओठ हलत होते. रंगूबाईनं माझा दंड धरला. देवाच्या दारात अंगात येतं तेव्हा असंच दिसतं, तिची काही चूक नाही.

पण मी ऐकलं. बना पुटपुटत होती, आणि मग आवाज थोडा वाढला. आठ. नऊ. दहा. दहाला तिनं हात सोडले, मान चोळली, आणि श्वास घेऊन पुन्हा हात लावले.

मला कळलं. तिथंच, त्या क्षणी कळलं. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली.

हा व्यायाम आहे असं म्हणायचं, तर रंगूबाई विचारणार, कशाचा. मग मान कशानं गेली ते सांगायचं, पाटीवर पाटी कुणी ठेवली ते सांगायचं. आणि वर हेही सांगायचं की मी बंद केलेली गोष्ट सून माझ्याच खोपीत लपून करते, म्हणजे राहीबाईचा शब्द राहीबाईच्याच घरात चालत नाही. आणि धरलंय म्हटलं तर कुणाचंच काही जात नव्हतं. रंगूबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, "धरलंय न्हवं?"

मी म्हणाले, "व्हय."

अवसेला दुपारी शिवेवरच्या देवीच्या देवळात तिला नेलं. म्हसवडला सिद्धनाथाकडं न्यावं असं मला वाटलं नाही. तिथं तालुक्याची माणसं असतात, आपलं झाकलेलं राहत नाही. शिवेवरचा धरलेलं सोडवणारा देवरशी कोंडीबा आमच्याच वाडीतला. निघताना रंगूबाईनं विचारलं, घरात काही वेगळं सापडलं का. मी बनाची ट्रंक उघडली आणि तो मिरजेचा कागद काढून दिला. मानसिंगनं घातलेल्या घड्या त्याला तशाच होत्या. कोंडीबानं डोकी बघितली, बाण बघितले, मानेवरच करणी केलीय म्हणाला, आणि कागद धुपाच्या निखाऱ्यावर टाकला. बायका हुंकारल्या. मी माझ्या पोराच्या हातच्या घड्या जळताना बघत उभी राहिले.

कोंडीबानं बनाला समोर बसवलं. "कोन हायस? कुटनं आलीस?"

"मी बना. कवठ्याची."

मागून कुणीतरी म्हणालं की सगळी असंच म्हणतात पहिल्यांदा. एकदोघी हसल्या. कोंडीबानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग त्यानं तिचे केस मागून मुठीत धरले. आमच्याकडं असंच करतात, केस धरून डोकं फिरवतात, आतलं जे असेल ते बोलेपर्यंत. तेव्हा बनानं माझ्याकडं पाहिलं. घाबरलेली नव्हती. एखाद्याला पाणी मागावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली,

"आत्याबाई, सांगा की."

मी पदर डोक्यावर सारखा केला.

पहिल्या हिसड्याला ती ओरडली. तिसऱ्याला गप झाली आणि उजवा हात मांडीवरून खाली पडला, ओल्या फडक्यासारखा. कोंडीबा म्हणाला, सोडलं. लोकांनी नारळ फोडला.

रात्रभर तिला तांब्या उचलता आला नाही. सकाळी मी बैलगाडी जुंपायला लावली, म्हसवडला एसटी धरली, विट्यावरून मिरजेला नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती डाव्या हातानं हनुवटी धरून बसायची. डॉक्टरांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, पाय घसरला. त्यांनी फोटो बघितला, परत माझ्याकडं बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही. बनाच्या हनुवटीखाली पट्टा घालून डोक्यामागून दोरी नेली आणि दोरीला वजन लटकावलं. ती आढ्याकडं बघत पडून राहायची. मी उशाशी बसून असायचे. सगळ्या वॉर्डाला वाटायचं केवढी मायाळू सासू.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील नाथाजी आले. शांत माणूस, आयुष्य मेंढरांमागं नि रानात गेलेलं, आवाज कधी चढत नाही. मला बाहेर पाठवून त्यांनी लेकीजवळ बराच वेळ काढला. मग व्हरांड्यात आले, टोपी काढून हातात घेतली.

"आवं विहीणबाई," ते म्हणाले, "देवाम्होरं तुमाला गप ऱ्हाता आलं. डाक्टरम्होरं तरी बोला. कसं झालं ते त्यास्नी कळलं न्हाई तर पोरीचा हात जायचा."

शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. केस धरून मान फिरवली, एवढंच. मी तिथं होते का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी नाथाजी तिला कवठ्याला घेऊन गेले.

वाडीत मी सांगितलं की देवीनं सोडवली, आता माहेरी विश्रांतीला आहे. कोंडीबाचं नाव झालं. लांबून लांबून लोक यायला लागले. रंगूबाई प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवून म्हणायची, मी बघितलं म्हणून बरं. मी ते खोबरं खाल्लं.

भादव्यात मानसिंगचं कार्ड आलं. मी स्वतः वाचलं, पत्र मला वाचता येतं. 'आई, बना कवठ्याला आहे. तिनं मला काही लिहिलं नाही, नाथाजीमामांनी लिहिलं. मी तुला काही विचारत नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन.' खाली तब्येत सांभाळ असंही नव्हतं. त्यानंतर कार्ड आलं नाही. पोस्टमन आला की मी दारात उभं राहायचं सोडून गोठ्यात जायला लागले.

दसरा झाल्यावर मी कवठे महांकाळला गेले. घर गावाबाहेर रानात. मी पोचले तेव्हा बनाची आई अंगणात ज्वारी पाखडत होती आणि बना भिंतीजवळ पाटावर बसून डावा तळहात कानशिलाला लावून मोजत होती. उजेडात, सगळ्यांसमोर. कुणी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतं, कुणी दात घासावेत तसं चाललेलं. तिनं मला पाहिलं. थांबली नाही. दहा झाल्यावर उठली आणि पाणी आणलं. तांब्या डाव्या हातात होता.

मी घरून बरंच ठरवून आले होते. नवऱ्याची आब, घराचं नाव, सणवार जवळ आलेत, असं सगळं. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. मी म्हणाले, "बना, त्या दिशी खोपीत मी आट, नऊ, धा ऐकलं हुतं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तट्ट्यातनं तुमचं लुगडं दिसत हुतं. म्हनून तर मी मोठ्यानं मोजलं."

बनाच्या आईचं सूप थांबलं. मी तांब्या हातात धरून तशीच उभी.

मग बना म्हणाली, "मला सांगून काय उपेग, आत्याबाई? ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा." आणि पाटावर बसून दुसऱ्या बाजूचं मोजायला लागली.

पुढच्या अवसेला मी शिवेवरच्या देवळात गेले. देवळापुढं आता तीस-चाळीस माणसं असायची. एक कोवळी पोर कोंडीबाच्या पुढ्यात बसायच्या बेतात होती, तिची सासू मागं उभी. मी मधून वाट काढत पुढं गेले आणि त्या पोरीच्या जागेवर बसले. बोलण्याआधी करून दाखवावं म्हटलं. कपाळाला हात लावला आणि डोक्यानं हात रेटला. मनात मोजायला लागले. चाराला मान थरथरायला लागली, सहाला डोळ्यांतून पाणी. तो व्यायाम मी त्या दिवशी पहिल्यांदा केला. काही न करता दमायचा नव्हता तो.

मागून कुणीतरी म्हणालं, "आता म्हातारीला आलं." बायका मागं सरकल्या. रंगूबाईनं हात जोडले, मी बघितलं. कोंडीबा निखाऱ्यावर धूप टाकत पुढं आला आणि त्यानं ठरलेला सवाल टाकला.

"कोन हायस?"

दहा झाले. मी हात सोडला.

"मी राहीबाई," मी म्हणाले. "बनाला कुणी धरलं न्हवतं. तिची मान मी मोडली, पाटीवर पाटी ठिवून. आन ह्यो तिचा मिरजेचा येयाम हुता. ह्ये मला तवाबी म्हाईत हुतं."

मग कोंडीबा म्हणाला की हे म्हातारीच्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय, आणि निम्म्या लोकांनी ते मानलं. मला वाटलं होतं सांगून टाकलं की मोकळं वाटेल. लोक माझ्या नजरेला नजर देईनात, एवढंच झालं. पण ती कोवळी पोर उठून आपल्या सासूच्या मागं जाऊन उभी राहिली होती, आणि ती सासू तिला घेऊन घरी गेली. रंगूबाई दुसऱ्या दिवशी आडावर मला बघून आपली घागर बाजूला घ्यायला विसरली. की घेतली नाही, कोण जाणे.

मानसिंगला मी त्याच आठवड्यात कार्ड लिहिलं. मावेना म्हणून दोन लिहिली. संक्रांतीला तो सुट्टीवर आला आणि येताना कवठ्याहून बनाला घेऊन आला. ती यायला तयार का झाली ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आता सकाळी बना ओसरीवर बसते, रस्त्यावरून दिसेल अशी. आधी मानेचे चारी बाजूंचे, मग तळहाताला तळहात लावून छातीसमोर, मग दाराच्या चौकटीला आतून दोन्ही हात रेटून, मग पाठ भिंतीला टेकून. सगळे दहा दहा. गावातल्या दोघीतिघी तिच्याकडून शिकून गेल्या. माझे गुडघे गेलेत, तर मलाही तिनं लावून दिलं आहे: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली गोणपाटाची घडी घ्यायची आणि ती जमिनीत दाबायची. मी दम धरते म्हणून ती मला बोलते. "आत्याबाई, दम सोडा, मोजत ऱ्हावा." मी ऐकते. मान बरी आहे तिची. उजव्या हाताच्या दोन बोटांत मात्र जोर आला नाही. भाकरी एका बाजूला जाड होते, आणि ती जाड बाजू मी आधी तोडून घेते.

केस ती स्वतःच धुते. त्या दोन बोटांमुळं वेणी घालायला तिला लय वेळ लागतो. एकदा मी तेलाची वाटी घेऊन मागून गेले, काही न बोलता, नुसती मदत करावी म्हणून. माझी सावली तिच्या खांद्यावरून पुढं पडली आणि तिची मान जागच्या जागी ताठ झाली. शिरा दिसल्या. मी नकळत मनात मोजायला लागले. दहा झाले, पंधरा झाले, तिनं सोडली नाही.

मी वाटी तिच्या डाव्या बाजूला, हाताला येईल अशी ठेवली आणि गोठ्यात निघून गेले.